मापावरची मूठ

उंदरांच्या रक्तातलं इन्शुलिन मोजणाऱ्या गॅमा काउंटरचा शेवटचा आकडा वहीत उतरवून झाला आणि आता आपण काहीतरी वेडगळपणा करू, अशी पद्मजा प्रधानला भीती वाटली. म्हणून ती शांतपणे बेसिनपाशी गेली, हात धुतले, कोरडे केले आणि परत येऊन तेच आकडे पुन्हा वाचले. ते बदललेले नव्हते.

"काय गं, लॉटरी लागली का?" शेजारच्या टेबलावरून जयवंतने विचारलं. तो तिच्याच बरोबरचा, एमएस्सी होऊन पीएचडीला लागलेला. दुसऱ्याचे निकाल स्वतःच्या आधी वाचायची त्याला खोड होती.

तिने वही त्याच्यापुढे सरकवली.

"दुप्पट?"

"दुपटीला जरा कमी. एकाला एक पूर्णांक नऊ."

"आणि रक्तातली साखर?"

"दोन्ही गटांत सारखी."

"झकास," जयवंत म्हणाला. "आता सबनीसबाई काय बोलतात बघू."

सबनीसबाईंसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या संशोधन केंद्रात पद्मजाने वर्षभरापूर्वी उंदरांना फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, भरपूर घातलेलं खाणं द्यायला सुरुवात केली होती. उंदीर दिसायला ठणठणीत होते. पण आत त्यांच्या रक्तात चरबी वाढत होती, रक्तदाब चढत होता आणि स्वादुपिंड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्शुलिन ओतत होतं. साखर ताब्यात होती, पण ती ताब्यात ठेवायला शरीर घाम गाळत होतं. माणसांमध्ये या तक्रारी अशाच एकत्र येतात, हे अमेरिकेत त्याच्या आदल्याच वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, एका भाषणात मांडलं गेलं होतं आणि त्याला 'सिंड्रोम एक्स' असं नावही मिळालं होतं. ते भाषण छापून आलेलं मासिक समुद्रमार्गे अंधेरीला पोचायला पाच महिने लागले. तोवर पद्मजाचे उंदीर तेच सांगायला लागले होते.

पण केंद्राच्या सल्लागार समितीच्या डिसेंबरच्या बैठकीत डॉ. रत्नप्रभा सबनीस यांनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारला होता. "गोड लागलं की कुणीही जास्तच खातं. तुमचे उंदीर जास्त खाऊन बिघडले. त्यात साखरेचा काय दोष?"

पद्मजाने तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. समितीने तिला एक संधी दिली. मार्चच्या बैठकीपर्यंत उत्तर आणा. नाही आणलंत तर प्राणीगृह बंद करून ती जागा औषधाच्या गोळ्यांच्या चाचणीला देऊ.

म्हणून तिने हा नवा प्रयोग लावला होता. बारा पिंजरे, प्रत्येकात चार उंदीर. सहा पिंजऱ्यांना साखरेचं खाणं, सहांना त्याऐवजी मक्याचा स्टार्च घातलेलं. आणि सगळ्यांना मोजून सारखंच: दर पिंजऱ्याला रोज बहात्तर ग्रॅम, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमीच. जास्त खाल्लं म्हणायला जागाच ठेवायची नाही. दोन पत्र्याच्या डब्यांत तिने स्वतः तेरा-तेरा किलो खाणं कालवून ठेवलं होतं, तीस दिवसांचं. बैठक येत्या शुक्रवारी होती आणि आज सोमवारी उत्तर तिच्या वहीत होतं.

आनंदाने तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. तशीच ती प्राणीगृहात गेली आणि त्या दिवसाच्या पुड्या बांधायला बसली. स्टार्चच्या डब्यात पळी घातली, तर पळी खण्णकन तळाला लागली.

तिने आत वाकून पाहिलं. मग दुसऱ्या डब्यात पाहिलं. रक्त काढायच्या आधीचा उपास वगळला, तर आज पंचविसावं खाणं होतं. डब्यांत अजून सहा दिवसांचं असायला हवं होतं. तिथे जेमतेम दोन दिवसांचं होतं.

झुरळं? साडेतीन किलो खाणारी झुरळं असती तर ती पिंजऱ्यांतून दिसली असती. चोरी? उंदरांचं खाणं कोण चोरणार? बाराही पुड्या मोजून, नंबर घालून तिने ठरल्या जागी ठेवल्या. रोज ती इथूनच वर जायची. आज चार वाजता ती परत खाली आली आणि दाराशी उभी राहिली.

प्राणीगृहाचं सगळं काम धोंडू घाडीगावकर बघायचा. पन्नाशी उलटलेला, वाळका, खाकी सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावणारा माणूस. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली, आणि दोन वर्षं इकडेतिकडे केल्यावर तो इथे लागला होता. घाटकोपरहून रोज वेळेआधी यायचा. पद्मजाला तो 'बाय' म्हणायचा आणि उंदरांना 'मंडळी'.

त्याने पहिली पुडी सोडली, पिंजऱ्यातल्या वाडग्यात उलटी केली, कागद झटकला. सगळं नीट. मग त्याने त्याच खाण्याच्या डब्यात हात घातला, एक मूठ काढली आणि वाडग्यातल्या खाण्यावर सोडली. दुसरी पुडी, दुसरी मूठ. तिसरी पुडी, तिसरी मूठ. बाराही पिंजरे होईपर्यंत पद्मजा मुठी मोजत राहिली.

"धोंडूकाका," शेवटी ती म्हणाली, "ही वरची मूठ कसली?"

तो दचकलाही नाही. "शीग."

"म्हणजे?"

"शीग गो. माप भरला की वर शीग नको? सपाट माप कोणाक घालूचा नसता. माझी आवस दारावर इलेल्या भिकाऱ्याक पण शीग घाली." त्याने हात फडक्याला पुसले. "तू मोजून बांधतंस, ता तुझा काम. पण मोजलेला अन्न अंगाक लागत नाय."

"रोज घालता?"

"पयल्या दिसापासून."

"सगळ्यांना? की कुणाला जास्त, कुणाला कमी?"

आता मात्र त्याचा चेहरा बदलला. "पंगतीत भेद करतलंय काय मी?"

पद्मजा स्टुलावर बसली. डोक्यावरून विमान उतरायला लागलं होतं. खिडकीची तावदानं थरथरली, उंदीर क्षणभर खायचे थांबले आणि पुन्हा खायला लागले. आवाज गेल्यावर तिने त्याला समजावून सांगितलं. कागदावर बहात्तर ग्रॅम आहे. पोटात किती गेलं ते आता कुणालाच माहीत नाही. सबनीसबाई विचारणार, साखरेच्या उंदरांना मोठी मूठ पडली नाही कशावरून?

धोंडूने पुड्यांचे सुटे कागद गोळा केले. मग विचारलं, "म्हणजे माझ्यामुळां सगळा फुकट गेला?"

तिला नाही म्हणायचं होतं. खोटं बोलता येत नसल्यामुळे ती उठून डब्यांपाशी गेली, आणि त्याला ते समजलं.

तिने जयवंतला खाली बोलावलं. दोघांनी मिळून डब्यांची झाकणं लावली, त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पट्ट्यांवर तारीख घालून सह्या केल्या. उद्यापासून नवं खाणं कालवायचं आणि शिगेला सुट्टी, असं ठरलं.

"वाट लागली यार," जिना चढताना जयवंत म्हणाला. "पण ऐक ना. कुणाला कळणारे? दोन्हीकडे सारखंच पडलं असेल."

"असेल," पद्मजा म्हणाली.

"मग?"

"मग तेच. 'असेल' हा आकडा नाही."

केंद्राचे प्रमुख डॉ. श्यामसुंदर आजगावकर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून खुर्चीत मागे रेलले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त बैठकीच्या आठवड्यात नवीन गोष्टी ऐकायला आवडत नसे. "त्या माणसाला आधी तिथून हलवा," ते म्हणाले. "आणि समितीला सांगा, प्रयोग पुन्हा करतो."

"सर, समिती पुन्हा करू देणार नाही. प्राणीगृहच राहणार नाही."

"मग तुमचं म्हणणं काय?"

तिचं म्हणणं तिलाच त्या क्षणी सुचलं. "मूठ मोजू या, सर. आपण काट्याची चूक काढतोच ना? हाही एक काटाच आहे. किती चुकतो ते बघू. त्यासाठी धोंडूकाका तिथेच हवेत."

सरांनी एक डोळा उघडला. "शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले.

मंगळवारी तिने टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा मांडला, शेजारी नव्या खाण्याचे दोन डबे ठेवले आणि धोंडूला म्हणाली, "रोजच्यासारखी मूठ टाका." धोंडूने काट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मूठ टाकली. नऊ ग्रॅम. दुसरी, पंधरा. तिसरी, चौदा. चौथी, आठ. विसाव्या मुठीला तिने पेन खाली ठेवलं. हा काटा नव्हता, ही लॉटरी होती.

"हात बुजता माझो," धोंडू म्हणाला. त्याने हातातली मूठ डब्यात परत सोडली. "कोर्टात उभो केल्यासारखा वाटता."

ती घरी गेली ती हाच विचार करत. बोरीवलीला जेवायच्या टेबलावर आईने विचारलं, "काय झालंय गं?" "काही नाही," म्हणत तिने ताट पुढे ओढलं. आई बोलता बोलता वाढत होती. लक्ष पद्मजाच्या चेहऱ्याकडे, हात भाताकडे. वडिलांच्या पानात दोन डाव, तिच्या पानात दीड, आईच्या स्वतःच्या पानात एक. आईने भाताकडे एकदाही पाहिलं नाही. आणि पद्मजाचा घास हातातच राहिला. हाताला माप ठाऊक असतं, पण समोर जेवणारं माणूस लागतं.

बुधवारी चार वाजता काटा टेबलावरून उठून पिंजऱ्यांच्या मांडणीपाशी गेला, आणि तोही धोंडूच्या पाठीमागे. पिंजऱ्यांत रोजच्या पुड्या पडल्या. फरक एवढाच, की मूठ पिंजऱ्यासमोर धरलेल्या रिकाम्या वाटीत टाकायची आणि वाटी मागे द्यायची. वाटी धरायला जयवंत होता, आकडे लिहायला पद्मजा.

"धोंडूकाका, गिरणीत तुम्ही कुठल्या खात्यात होता?" जयवंतने विचारलं. त्याला हे शिकवून ठेवलं होतं.

"सायझिंगात. सुताक लावची खळ शिजवी मी. एकोणीस वर्सां." धोंडूचा हात डब्यात गेला, बाहेर आला. "पीठ जास्त पडला तर सूत कडक होता. कमी पडला तर साच्यार, म्हणजे मागार, तुटता. मग साचेवाले आवशीबापाशीवरून सुरू होत." वाटी मागे गेली. "गे बाय, ही पाचवी मंडळी आज का रुसली?"

पाचव्या पिंजऱ्यातल्या उंदरांनी खरोखरच गजांशी गर्दी केली होती. वाडगा भरला होता, पण वरची मूठ आली नव्हती, आणि हा काय प्रकार आहे ते त्यांना समजत नव्हतं.

पद्मजाने मात्र मान वर केली नाही. काट्यावर बारा पूर्णांक चार आलं होतं. मग बारा पूर्णांक सात. बारा पूर्णांक पाच. तिने पेन घट्ट धरलं. मंगळवारचा तो हात आणि हा हात एकाच माणसाचा होता यावर विश्वास बसत नव्हता. बाराही पिंजऱ्यांच्या पाच फेऱ्या बुधवारी झाल्या, पाच गुरुवारी. एकूण एकशे वीस मुठी. आपापल्या खाण्याच्या सरासरीपासून अर्ध्या ग्रॅमहून जास्त चुकलेल्या त्यांत जेमतेम सात.

आणखीही एक गोष्ट निघाली. साखरेचं खाणं दाणेदार होतं, मूठ आवळली की बोटांतून निसटायचं. स्टार्चचं खाणं बारीक, ते मुठीत दाबून बसायचं. साखरेच्या मुठीची सरासरी अकरा पूर्णांक आठ ग्रॅम आली, स्टार्चच्या मुठीची बारा पूर्णांक सहा. पद्मजाने ही दोन आकड्यांची ओळ तीनदा तपासली आणि चौथ्यांदा जयवंतला तपासायला लावली.

मग तिने एक हिशेब केला. तेरा किलोतून पंचवीस दिवसांच्या पुड्या वजा. त्यातून दर डब्याच्या दीडशे मुठी वजा. मूठ तिने मोजली तशीच महिनाभर पडली असेल, तर पट्टी लावलेल्या स्टार्चच्या डब्यात तीनशे दहा ग्रॅम उरायला हवेत, साखरेच्या डब्यात चारशे तीस.

"उघड ना एकदा," जयवंत म्हणाला. "निदान मनाची तयारी तरी होईल."

"नाही. आधी उघडलं तर मी हिशेब तिकडे ओढेन. माझा स्वतःवर तेवढा विश्वास नाही."

शुक्रवारी समितीचे तिघे जण आले. डॉ. सबनीस मधल्या खुर्चीत बसल्या. आजगावकर सरांनी पद्मजाला सुचवलं होतं की आधी निकाल सांगा, चूक शेवटी, जमल्यास चहाच्या वेळी. पद्मजाने उभी राहून आधी चूक सांगितली. शीग म्हणजे काय, ती कोण घालत होतं, किती दिवस घातली, सगळं.

डॉ. सबनीस यांनी चष्मा काढला. "म्हणजे पोरी, तुझा सगळा डोलारा एका माणसाच्या मुठीवर?"

"मुठीवर नाही, बाई. डब्यांवर." तिने फळ्यावर दोन आकडे लिहिले: ३१० आणि ४३०. "मूठ मोजून हे आकडे काढलेत. डबे सोमवारी बंद झाले, त्यानंतर उघडलेले नाहीत. वजन तुम्ही करावं अशी माझी विनंती आहे."

डॉ. सबनीस उठल्या. त्या पन्नास वर्षांच्या होत्या, सिल्कची साडी नेसल्या होत्या, आणि प्राणीगृहात त्यांनी पदर खोचून स्वतः पट्ट्या फाडल्या. सह्या बघितल्या. काट्यावर आधी शंभर ग्रॅमचं वजन ठेवून काटाच तपासला. मग ब्रशने तळाचा शेवटचा कण झाडून स्टार्चचा डबा परातीत रिकामा केला. धोंडू भिंतीला पाठ लावून उभा होता.

"दोनशे अठ्ठ्याण्णव," डॉ. सबनीस म्हणाल्या.

साखरेचा डबा आला. "चारशे छत्तीस."

त्यांनी पर्समधून छोटा कॅल्क्युलेटर काढला, पण दाबला नाही. हिशेब तोंडीच होण्यासारखा होता. "बारा ग्रॅमचा फरक. दीडशे मुठींत एक मूठ," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दुसरीकडे अर्धी." त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. "आणि हे काय? स्टार्चचं जास्त संपलंय."

"हो, बाई. दर पिंजऱ्याला रोज जवळजवळ एक ग्रॅम जास्त."

"म्हणजे ज्यांनी जास्त खाल्लं, त्यांचं इन्शुलिन..."

"जागच्या जागी."

"आणि ज्यांनी कमी खाल्लं..."

"एकाला एक पूर्णांक नऊ."

डिसेंबरपासून जो प्रश्न पद्मजा रोज उशाला घेऊन झोपली होती, त्याचं उत्तर परातीत पडलं होतं, आणि ते तिने आखलेल्या प्रयोगापेक्षाही चोख होतं. तिने दोघांना सारखं खाऊ घालायचं ठरवलं होतं. धोंडूने नकळत साध्या खाण्याचं पारडं किंचित जड केलं होतं, आणि तरीही बिघडले ते साखर खाणारेच.

डॉ. सबनीस धोंडूकडे वळल्या. "तुम्हीच का ते? यातले लाडके कुठले हो तुमचे? खरं सांगा."

"पंगत आसा ती, बाई," धोंडू म्हणाला. "पंगतीत लाडको कोण नसता."

डॉ. सबनीस मोठ्याने हसल्या. ती अख्ख्या केंद्राने पहिल्यांदाच ऐकलेली गोष्ट होती. खोचलेला पदर सोडत त्या आजगावकर सरांना म्हणाल्या, "माझी हरकत संपली. ही जागा कुणाला देऊ नका. आता हिला ते स्वादुपिंड आतून बघू दे, इतकं इन्शुलिन कुठून काढतंय ते. आणि निबंधात मुठीचा तक्ता घाला. लपवलात तर मी छापू देणार नाही."

"तक्ता चार," पद्मजा म्हणाली. तो तिने आधीच काढून ठेवला होता.

पुढच्या सोमवारी नवे उंदीर आले. पद्मजाने बहात्तर ग्रॅमच्या बारा पुड्या बांधल्या आणि त्यांच्याशेजारी बारा ग्रॅमच्या बारा छोट्या पुड्या ठेवल्या.

"ह्यो कसल्यो?" धोंडूने विचारलं.

"शिगेच्या. शीग तुमच्याच हातची, काका. फक्त मोजलेली."

धोंडूला हे फारसं पटलं नाही. तरी त्याने मोठी पुडी पहिल्या पिंजऱ्यात उलटी केली, छोटी सोडून तळहातावर घेतली आणि थांबला. हात दोनदा वरखाली केला.

"ही कमी आसा."

"शक्य नाही. मी स्वतः मोजलीय."

"कमी आसा, बाय."

पद्मजाने ती पुडी काट्यावर ठेवली. दहा पूर्णांक नऊ. तिने उरलेल्या अकरा पुड्या गोळा केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली.